पाचपैकी पाच

३ मार्च
डोक्यात डाग! प्रोटॉन किरणांचे तीस डोस संपून पाच महिने झाले, आणि आज स्कॅनमध्ये गाठीच्या जागी पांढरा डाग. स्कॅन बघताना डॉक्टरांची भुवई वर चढते, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना ‘भुवई’च म्हणते. आज ती थेट केसांत गेली. “गाठ परत आली असेल, नाहीतर किरणांमुळे सूज असेल. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. तुमच्यात काय बदलतंय त्यावरून ठरवू. काही लपवू नका.”
मी? आणि लपवीन?
घाबरलेय. लिहिलं. झालं.

४ मार्च
काल स्कॅनच्या नळीत उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, पाय ऐकतोय थोडाच! आवाज आला — “बाई, पाय हलवू नका.” म्हटलं, आडवं कोणी आलं तर?

९ मार्च
किरणांनी गेलेले कानामागचे केस अजून आले नाहीत, वाटीएवढी जागा, अगदी गोल. नवरा म्हणाला, “कंपास लावून काढलंय गं!” दुपारी एक मोजा घातला आणि दुसरा हातात धरूनच झोपले. भाजीत मीठ दोनदा पडलं. बिचारा निमूट जेवला, वर दोन तांबे पाणी प्यायला.
फोनवर एका शिकाऊ मुलीला समजावताना ‘क्लच’ हा शब्दच आठवेना! “ते डावीकडचं” म्हणून वेळ मारून नेली.

१५ मार्च
स्मरणशक्तीच्या परीक्षेत पास झाल्याशिवाय भुवई मला कामावर जाऊ देणार नाही. आणि घरी बसून मी वेडी होईन. तर युक्ती! डॉक्टर दर वेळी तेच पाच शब्द सांगतात आणि पाच मिनिटांनी विचारतात. मागच्या वेळी बाहेर आल्याबरोबर नवऱ्याकडून वदवून घेतले होते. चमचा, घोडा, खिडकी, पिवळा, चप्पल. भांडी घासताना घोकतेय.

२० मार्च
पाचपैकी पाच!! भुवई खाली आली. “वा! मग सुजेचं औषध आत्ता नको. महिन्याने पुन्हा स्कॅन करू.” कॉपी करून पास होण्यातली मजा शाळेनंतर आजच!
नवरा मात्र माझ्याकडे न बघता जिना उतरला. शाबास म्हणायला काय जातं?

२७ मार्च
चालवायला बंदी आहे, शेजारी बसायला नाही! अंगणात नवऱ्याला रिव्हर्स शिकवला. गाडी शिकवणारीचा नवरा, आणि एवढ्या वर्षांत स्टिअरिंगला हात नाही. “अहो, आरशात बघा, माझ्याकडे नको!” बघितलं माझ्याकडेच. गेटचा पत्रा आत! दोघं पोट धरून हसलो. मग हळूच म्हणाला, “मला शिकायलाच हवं ना आता.” मी त्याचा हात घट्ट धरला. फार आवडतो मला हा माणूस.

२ एप्रिल
झोप. नुसती झोप. नवरा रोज सकाळी गाडी शिकायला जातो, तेही झोपेतच कळतं.

३ एप्रिल
सकाळी गेट बघून विचारलं, “अहो, हे कोणी ठोकलं?” नवरा हसला. मग हसायचा थांबला.
वही उघडली. अक्षर माझंच. वाचताना हसूही आलं. पण ती दुपार माझ्याकडे नाही. एवढीशीही नाही.
डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, ते पाच शब्द पाठ करून आले होते. तिकडून — “आत्ताच्या आत्ता निघा.”
नवरा गाडी काढतोय.