माझी बॅग बंद होत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या घरी सगळे धडधाकट असतील असं धरून चालते. कोणी आजारी असतं, तर औषधाचं नाव विचारायला तुझ्या मुलाचा फोन आला असता. इकडे आम्ही ठीक. सूनबाईची कंबर अधूनमधून धरते, काम निघालं की जास्त धरते. नात कॉलेजात जाते, असं ती सांगते.

फोन सोडून पत्र कुठलं काढलं, म्हणशील. तर बाई, तुझा फोन वाजून वाजून दमतो. तुझ्या मुलाला विचारलं तर म्हणतो, "मावशी, आई बागेत असते." गच्चीवर दोन कुंड्या, त्यातली एक रिकामी. एवढ्या बागेत माणूस हरवतं कसं? असो. शाळेत मी किती टिकले ते तुला ठाऊकच आहे, तेव्हा अक्षर लावून लावून वाच.

आता मुद्द्याचं. आपण सहलीला चाललोय. समुद्रावर, दोन रात्री. आपण म्हणजे हॉटेलच्या लाँड्रीतल्या आपण पाचजणी. मुनीमबाईने साबणाच्या पावडरीचा तो जुना डबा उपडा केला. आठवतो ना? पाहुण्यांच्या खिशात राहिलेली नाणी, विचारूनही कोणी न्यायला आलं नाही, की त्या डब्यात जायची. लाँड्री सुटली तरी मुनीमने डबा सोडला नाही. दर महिन्याला दारात उभी राहून तो खुळखुळवते, आणि तिला घालवायला काहीतरी टाकावंच लागतं. म्हणून तर डबा भरला. त्यात तुझंही आहे. तू काय कमी खिसे उलटे केलेस? तेव्हा खर्चाचं काढू नकोस.

गाडी आणि खोल्या डब्यातून. खायचं ज्याचं त्याने. यावर इस्त्रीवाली तोफ उडालीच. म्हणाली, "मी आपली साधं खाणारी, ही मुनीम मासे मागवणार, मग सारखं कसं?" मी म्हटलं, म्हणूनच तर ज्याचं त्याने, जरा ऐकत जा. मग म्हणाली, घरून स्टोव्ह नेऊ. स्टोव्ह! समुद्र बघायला चाललोय की बिऱ्हाड हलवायला? आपल्यातली मांजर नेहमीसारखी खुर्चीत झोपली होती, लाँड्रीत गाठोड्यांवर झोपायची तशी. तिचं मत झोपेतच धरलं.

अट एकच. माणशी एक बॅग, आणि जी आपली आपण उचलून नेता येईल तीच. गाडी लहान आहे. ही अट माझ्या नातीने घातली, गाडीही तिनेच ठरवली. मी कालपासून बॅग भरतेय. घडी घालण्यात माझा हात धरणारी तू सोडून कोणी नाही, तरी ही मेली बॅग बंद होत नाही. काढते, घालते, पुन्हा तेच. डोकं उठलंय.

तुझं काय ते लगेच कळव.

थोरली

*

बुधवार, १२ फेब्रुवारी

धाकटे,

कार्ड मिळालं. चार ओळींत चार सबबी. तुझा काटकसरी स्वभाव पहिल्यापासूनचा.

एकेक घेऊ.

गुडघा दुखतो. कोणाचा नाही दुखत? तोफेचे दोन्ही दुखतात आणि ती रोज दोन्हीचं वेगवेगळं सांगते. खोल्या तळमजल्यावरच्या घेतल्यात.

कुंड्यांना पाणी कोण घालणार. रिकाम्या कुंडीला नाही घातलं तरी चालेल. दुसरीला तुझा मुलगा घालेल. एवढा मोठा केलायस त्याला, एक तांब्या पाणी ओतायला झेपेल.

बॅग भरायचं सुचत नाही, काय घ्यावं कळत नाही. हे मात्र खरं असेल. मला तरी कुठे कळतंय? औषधं घेतली, मग वाटलं ती भिजतील, म्हणून पिशवीत घातली, मग पिशवी सापडेना, म्हणून दुसरी पिशवी. छत्री घेतली. ऊन असलं तर, म्हणून टोपी. थंडी वाजली तर, म्हणून स्वेटर. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही दोन रात्रींना चाललाय की कायमच्या?" मी म्हटलं, तुझं तोंड बघता कायमचीच बरी. हसली. हल्ली तिला माझं बोलणं लागत नाही, काय करावं कळत नाही.

चौथी सबब तू लिहिलीस की, "मला गर्दीत आता नको वाटतं." चार म्हाताऱ्यांना गर्दी म्हणतात हे मला नवीन.

आता एक गंमत ऐक. रविवारी तोफेच्या घरी बसलो होतो हिशेबाला. एकदम शेजारच्यांनी भिंत फोडायला काढली. ड्रिलचा असा आवाज की कपातला चहा थरथरायला लागला. मुनीम बोलतेय, ओठ हलताहेत, एक अक्षर पोचत नाही. तोफेचासुद्धा आवाज पोचेना, म्हणजे बघ. आणि मग काय झालं सांगू? कोणी काही ठरवलं नाही, पण सगळ्याजणी आपोआप हातांवर आलो. लाँड्रीत यंत्रं सुरू असताना बोलायचो ना, तसं. मुनीमने तळहातावर बोट घासलं, पैसे कमी पडताहेत. तोफेने दोन बोटं कपाळाला लावली, हिचं डोकं फिरलंय. मी हनुवटी ओढली. सुपरवायझर आला! त्याच्या त्या बोकडदाढीवरून आपणच पाडलेली खूण. तशा सगळ्या ताठ बसलो, आणि मग जे हसलो. मांजर जागी झाली. जागी होऊन तिने पहिलं काय केलं असेल? पोटावर हात फिरवला. काही विसरलेली नाही बाई, एकूण एक खुणा तशाच.

नात दारात उभी राहून बघत होती. मला न्यायला आली होती. वाटेत म्हणाली, "आजी, तुम्ही काय बोलत होतात?" म्हटलं, हिशेब. म्हणाली, "एवढं हसून?"

ड्रिल थांबलं तेव्हा हिशेब झालेला होता. तोंडाने भांडलो असतो तर अजून चालला असता. एक बदल केलाय, समुद्राकडच्या खोल्या सोडल्या. मागच्या घेतल्यात, खिडकीतून स्वयंपाकघराची भिंत दिसते. स्वस्त पडतात. समुद्र बघायला किनाऱ्यावर जाऊ, खाटेवरून कशाला बघायचा? उरलेल्या पैशांचं काय केलं ते नंतर सांगेन.

नाही म्हणून कार्ड पाठवशील तर पाठव. मला वाचता येत नाही असं सांगेन.

थोरली

*

गुरुवार, २० फेब्रुवारी

धाकटे,

तुझं काहीच आलं नाही. नाहीसुद्धा आलं नाही. म्हणून हे पत्र कुरियरच्या पोराकडे देतेय. तो उद्या तुझ्या हातात ठेवील आणि परवा शनिवारी आम्ही निघू.

आज सकाळी माझी फजिती झाली, ती ऐक. बॅग काही केल्या बंद होईना. मी वर बसले. सूनबाई चेन ओढायला लागली. माझं वजन तुला माहीत आहे, एवढ्याने तर ट्रंक बंद व्हायची. चेन अर्ध्यावर येऊन अडली. तेवढ्यात नात आली, म्हणाली, "ऊठ आजी," आणि सरळ बॅग पलंगावर उपडी केली. मी ओरडले. ऐकते कोण?

मग ती एकेक वस्तू उचलून ठेवायला लागली. टॉवेल, दोन. कंगवे, दोन. रबरी चपला, दोन जोड. स्वेटर दोन, एक निळा, एक तो करडा, ज्यावर तू डोळा ठेवून असायचीस. नातीने एक गाऊन झटकून समोर धरला. म्हणाली, "आजी, हा तुला एका हातालाही येणार नाही."

मी म्हटलं, "बारीक होणार आहे."

"शनिवारपर्यंत?"

मी टोपी उचलली आणि तिची घडी घालायला लागले. टोपीची घडी, धाकटे! मग सूनबाई हळूच म्हणाली, "मावशींचा आहे ना तो?" आणि तिने एकेक करून तुझं सगळं बाजूला काढून, वेगळ्या पिशवीत घडी घालून भरलं. तिची घडी वाईट आहे, पण मी काही बोलले नाही. एवढ्यावरून काय ते ओळख.

माझी बॅग मग फटकन बंद झाली.

आता हे झालंच आहे तर उरलेलंही सांगून टाकते. गेल्या महिन्यात तुझ्या नातवाचा वाढदिवस होता, मी तुझ्यासमोर बसले होते. कोणीतरी विनोद केला, सगळे हसले. त्यांचं हसून झाल्यावर तू हसलीस. त्यांच्या तोंडाकडे बघून. पुढच्या विनोदालाही तसंच. कोणी काही विचारलं की "हो हो" म्हणायचीस आणि ताटं उचलायला आत जायचीस. तिसऱ्यांदा गेलीस तेव्हा ताटं संपली होती.

तुला ऐकू येत नाही. मला तेव्हाच कळलं. घरी निघताना तुझ्या मुलाला जिन्यात गाठून विचारलं. म्हणाला, "मावशी, कानाचं यंत्र आणून दिलंय, आई डबीतून काढत नाही. म्हणते, चार लोकांत लाज वाटते. कोणाला सांगू नका म्हणाली." मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही. फोन लावत राहिले, निदान घंटीचा दिवा लागलेला दिसेल म्हणून. मग पत्रं काढली.

यंत्र लावायचं की डबीत ठेवायचं ते तू आणि तुझे कान बघा. मी त्यात पडत नाही. पण गर्दीत नको वाटतं म्हणून घरात बसून राहायचं, हे मला पटत नाही, आणि न पटलेलं मी गिळत नाही.

अगं, लाँड्रीत आपल्याला कधी काय ऐकू आलं? सकाळी यंत्रं सुरू झाली की संध्याकाळपर्यंत आपण सगळ्याच बहिऱ्या. तिथे तर आपण सगळ्यात जास्त बोललो. माझं लग्न ठरल्याचं मी तुला कुठे सांगितलं? वाळवणीच्या यंत्रापलीकडून, हातांनी. तू हातातले पलंगपोस टाकून अशी गरागरा फिरलीस, की तेव्हापासून तुझं नाव भिंगरी पडलं. एक शब्द बोलले नव्हते मी.

त्या रविवारी ड्रिल थांबल्यावर मी त्यांना तुझं सांगितलं. तुझ्या मुलाला दिलेला शब्द मोडला असेल, तर मोडला. कोणी च्यक्‌च्यक्‌ केलं नाही. तोफ म्हणाली, "मग काय, मी गाडीत कितीही ओरडले तरी तिला त्रास नाही, तिला माझ्या शेजारी द्या." मुनीमने लगेच डबा ओढला. तुझ्या गावावरून वळसा घ्यायचा तर गाडीवाला जास्त मागतो. तेवढ्यासाठी समुद्राकडच्या खोल्या सोडल्या. मी नाही सुचवलं, मुनीमनेच सुचवलं. मी मुनीमचं एवढं चांगलं कधी लिहिलं नव्हतं, तेव्हा हे पत्र तिला दाखवू नकोस.

ठरलंय ते असं. गाडीत तोंडाने बोलायचं नाही. पाचहीजणींनी हातांवर. गाडीवाल्याला घाबरू दे. भांडणं, हिशेब, कोणाला कुठे उतरायचंय, सगळं हातांनी. नातीलाही पाच-सहा खुणा शिकवल्यात. ती येत नाहीये, पण शिकायची म्हणून मागे लागली. सुपरवायझरची तिला फार आवडली. बापाची चाहूल लागली की हनुवटी ओढते.

तू काही भरू नकोस. टॉवेल, कंगवा, चपला, गाऊन, करडा स्वेटर, सगळं तुझ्या पिशवीत आहे. तुझ्या गोळ्या तेवढ्या घे, त्या माझ्याकडे नाहीत. बाकी रिकाम्या हाताने ये. हात रिकामे लागतीलच.

शनिवारी सकाळी गाडी तुझ्या गल्लीत येईल. हॉर्न वाजवणार नाही. घंटीही नाही. मी खाली उतरून तुझ्या गच्चीसमोर रस्त्यात उभी राहीन. दोन्ही हात वर, दोन्ही चिमटीत हवा धरलेली. मोठी चादर निघाली की यंत्रांच्या आवाजात आपण एकमेकींना अशीच हाक मारायचो, ये, दुसरं टोक धर. तू कितीही लांब असलीस तरी हातातलं टाकून यायचीस, कारण ती घडी एकटीने होत नाही.

आता वय झालंय. फार वेळ हात वर ठेववत नाहीत. तेव्हा लवकर खाली ये.

रस्त्यात उभी असलेली,
तुझी थोरली