जैसलमेरची शमी

प्रिय कृष्णात,

तुझ्या आक्काला तू येडी समजतोस का? आशीर्वाद नंतर, आधी याचं उत्तर दे. दसऱ्याचं पाकीट पोचलं. आईनं नेहमीसारखं ते देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग उघडायला माझ्या हातात दिलं. आण्णा फौजेत होते तेव्हापासूनची आपल्या घरची रीत. जिथं पोस्टिंग असेल तिथल्या शमीची पानं दसऱ्याला घरी यायची आणि आई ती सोनं म्हणून कपाळाला लावायची. आण्णा गेल्यावर तू बापाची ती रीत मोडली नाहीस, याचं मला कौतुकच आहे. पण यंदा पाकिटातून जे पडलं, ती शमी नव्हे रे बाबा.

आजवर जैसलमेरहून तू पाठवायचास ती खरी शमी होती, चिंचेच्या पाल्यासारखी बारीक. यंदाची पानं लांबट, अरुंद आणि मागून चंदेरी. वर तुझी मखलाशी, की इकडं शमीची जरा वेगळी जात असते. वा रे वा! जन्म कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात चाललाय माझा, आणि तू मला शमी शिकवतोस?

संशय तर आधीपासूनच होता. व्हिडिओ कॉल बंद झाले. फोनवर चार वाक्यं बोललास की धापा टाकतोस आणि विचारलं की म्हणतोस, धूळ लई हाय. फुटलेल्या ओठांना लावायचं मलम मागवलंस. मला वाटलं, पोरीची भानगड असणार आणि गड्याला सांगायची लाज वाटतीया. मनात म्हटलं, असू दे की, राजस्थानची का असेना, आईला मी गुंडाळते. खरं सांगू? पोरगी असती तर बरं झालं असतं. पाकिटावरून तर काही कळायची सोय नाही, फौजेच्या पत्त्यात गावाचं नावच नसतं. म्हणून ती पानं मी कॉलेजात नेली आणि भिंगाखाली धरली.

गच्चीवरचे माझे निवडुंग आठवतात ना? कोल्हापूरचा पावसाळा लागला की त्यांना प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकायचं, तरी एखाददुसरा कुजतोच. तू हसायचास, वाळवंटातलं झाड आणून आपल्या पावसात कशाला मारतीस म्हणून. पण त्यांच्यामुळंच मला कळलं की सगळी वाळवंटं सारखी नसतात. मेक्सिकोकडं पावसाच्या थोड्या का होईना सरी येतात, म्हणून तिथला निवडुंग मिळेल ते पाणी पोटात भरून ठेवतो. आफ्रिकेच्या एका किनाऱ्याला पाऊस जवळजवळ नाहीच, नुसतं समुद्रावरचं धुकं. तिथं एक झाड जन्मभर दोनच पानं वाढवत जगतं. जैसलमेरला पाऊस तोंड दाखवून जातो आणि मग ऊन जाळत राहतं, म्हणून तिथली शमी मुळं खोल सोडते आणि पानं बारीक ठेवते. आणि एक वाळवंट असतं थंडीचं. तिथं पाणी असतं, पण बर्फ झालेलं, झाडाला त्याचा काय उपयोग? वारा तर सोलून काढतो. झाडं जमिनीला चिकटून बसतात, अंगावर लव घेतात. तिथं नदीकाठाला एक काटेरी झुडूप येतं, केशरी आंबट फळांचं. त्याच्या पानामागं मासळीसारखे चंदेरी खवले असतात. तेच खवले मला भिंगात दिसले. कृष्णात, ते झुडूप जैसलमेरात उगवत नाही. ते लडाखात उगवतं.

तास होता, पोरं येऊन बसली होती, मला फळ्यावर एक अक्षर लिहिता येईना. आण्णांना बर्फानंच नेलं. तू भरतीला निघालास तेव्हा आईनं अंबाबाईच्या पायरीवर तुझा हात धरून वदवून घेतलं होतं, बर्फात पाऊल ठेवणार न्हाय म्हण. तू म्हणालास. पोस्टिंग काय शिपायाच्या हातात असतं व्हय? पण वचन दिलंस, म्हणून बदली झाली तरी तुझं जैसलमेर काही सुटेना. बरं, खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं! शमी मिळाली नाही, तर पाठवायची नव्हती. तुला ते जमलं नाही. त्या गारठ्यात जे काटेरी दिसलं त्याचाच पाला खुडलास, आणि सोनं म्हणून आईला पाठवलास. गाढवा, मला तुझा इतका राग आला आणि तितकंच रडूही आलं.

आईला मी ठोकून दिलं की जैसलमेरला अशी पण शमी असते. तिनं पान उलटंपालटं करून पाहिलं, कपाळाला लावलं आणि परत एकदा उलटून पाहिलं. आता मला तिचाच संशय येतोय. दसरा झाल्याबरोबर मला महाद्वार रोडला जाऊन लोकर आणायला लावली. कानटोपी विणायला बसली. मी म्हटलं, वाळवंटात कानटोपी कशाला? तर माझ्याकडं न बघताच म्हणाली, वाळवंटात बी रातचं गार पडतं म्हणत्यात. आणि कानावर पट्टी दुहेरी घातलीया.

पार्सलात ती टोपी आहे, मलम आहे आणि कागदाच्या पुडीत शमीची पानं आहेत, कॉलेजच्या आवारातली, मी वाळवलेली. पुढच्या दसऱ्याला हीच जैसलमेरची म्हणून पाठव, एवढं सांगायलाच खरं तर पत्र लिहायला बसले होते. तुझं खोटं टिकवायचा माझा बेत होता. पण टोपी घडी करताना तो बेत मी सोडला. आईला फोन कर आणि कुठं आहेस ते तुझ्या तोंडानं सांग. ती ऐकून घेईल, टोपी कधीच विणून झालीया. आणि ही शमी पाठवू नकोस, खिशात जपून ठेव, दसऱ्याला तूच येऊन तिच्या हातात दे. टपालानं आलेलं पाकीट मी आता उघडणार न्हाय, सांगून ठेवते.

तुझीच, संशयखोर,
आक्का