तळमजल्यावर तक्रार नाही

सोमवार, ३ जून
साहेबांनी नवं रिपोर्ट सॉफ्टवेअर माझ्याकडे सोपवलं. आपली कंपनी लिफ्टच्या देखभालीची. कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर लिफ्ट अडकली, हे टेलिफोन डेस्कवरच्या बाई एक्सेलच्या फाइलमध्ये भरतात. ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये घेतली की रिपोर्ट तयार; मेकॅनिकना रोजची कामंही त्यावरूनच जातात. साहेबांनी विचारलं, किती दिवस लागतील? दोन, म्हणालो. खरं तर अर्ध्या तासाचं काम. पण आपण आपला भाव राखावा.

मंगळवार, ४ जून
झालं. कुठल्या रकान्यात आकडे, कुठल्यात मजकूर, हे सॉफ्टवेअर स्वतःच ओळखतं. आपण फक्त ‘पुढे’ दाबत जायचं. काही ओळींत मजल्याची जागा रिकामी दिसत होती. गबाळं वाटत होतं. ‘रिकाम्या ओळी वगळा’वर टिक केली. चकाचक.
एप्रिलपेक्षा मेच्या तक्रारी चक्क एक-तृतीयांशाने कमी! साहेब म्हणाले, काय जादू केलीत? मी नुसता हसलो. नम्रपणा मला शोभतो.

शुक्रवार, ७ जून
रिपोर्ट थेट मालकांकडे गेला. खाली माझी सही. मालक म्हणाले म्हणे, एवढ्याच तक्रारी असतील तर इथे पाच मेकॅनिक कशाला? एकाला लांबच्या शाखेत पाठवा. माझ्या एका कागदाने मालक हलतात, याचं समाधान वेगळंच.
संध्याकाळी कळलं, तो एक म्हणजे माझा मेहुणा. हिचा सख्खा भाऊ, आमच्याच इमारतीत वर राहतो. त्याच्या बायकोला आठवा महिना लागलाय.
मला जेवण वाढून ही वर भावाकडे गेली. रिपोर्ट कोणाचा, हे तिला माहीत नाही. मी विषय काढला नाही. उगाच बढाई कशाला?

सोमवार, १० जून
एका बाईंचा फोन. त्यांची लिफ्ट आठवडाभर तळघरात अडकून पडली आहे आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले सासरे चौथ्या मजल्यावर. साहेबांनी ताजा रिपोर्ट बघितला. अशी तक्रारच नाही. मी म्हणालो, काही लोकांना वाढवून सांगायची सवय असते.
मग सहज म्हणून मूळ फाइल उघडली. बाईंची तक्रार होती. एकदा नाही, रोजची. मजल्यापुढे ‘बी’, म्हणजे बेसमेंट. माझ्या रिपोर्टात तिचा पत्ता नाही. तळमजल्याचे ‘जी’सुद्धा सगळे गायब.
दुपारपर्यंत छडा लावला. सॉफ्टवेअर वरच्या चार ओळी बघतं. तिथे ४, ७, २, ५ दिसले की अख्खा रकाना आकड्यांचा, असं ठरवून मोकळं होतं. खाली अक्षर आलं तर ते त्याच्या लेखी रिकामं. आणि रिकाम्या ओळी कोणीतरी वगळल्या होत्या.
न बघता ठरवायचं म्हणजे कमाल झाली. सॉफ्टवेअरची.
बदलीच्या पत्रावर अजून सही व्हायची आहे. उद्या गुपचूप दुरुस्त करतो. कोणाला कळायचंही नाही.

मंगळवार, ११ जून
सॉफ्टवेअरला तो रकाना मजकूर म्हणून वाचायला सांगितला. त्याने निमूट वाचला. पण मजकूर म्हटल्यावर मजले शब्दकोशासारखे १, १०, ११, २ असे लागले आणि साहेबांच्या लाडक्या आलेखाचा चुराडा झाला. पूर्ववत केलं. थोडक्यात वाचलो.

बुधवार, १२ जून
तोडगा सापडला. तळमजला म्हणजे शून्य, तळघर म्हणजे उणे एक. सगळे आकडेच! खात्री करायला एक खोटी तक्रार टाकली, नसलेल्या इमारतीची. रिपोर्टात बरोबर आली.
मेहुण्याकडेही बरोबर गेली. काढायची राहिली होती. बिचारा अर्धा दिवस हत्यारांची पिशवी घेऊन ती इमारत शोधत उन्हात फिरला. घरी येऊन म्हणाला, दाजी, आता म्हणतील याला पत्तेही सापडत नाहीत. साहेबांच्या कानावर घाला ना माझं. मी म्हणालो, तुझ्याच मागे लागलोय.
हे अगदी खरं आहे.

गुरुवार, १३ जून
नवा रिपोर्ट घेऊन साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. दार बंद होतं. ठोठावलं नाही. कामात असतील.

शुक्रवार, १४ जून
सांगून टाकलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तळमजल्यावर लिफ्ट बिघडली नाही असा महिना मी आजवर पाहिलेला नाही. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. म्हणाले, मालकांना इथला एक माणूस कमी करायचाच होता. कारण हवं होतं, ते तुम्ही दिलंत. आता हा नवा रिपोर्ट पाठवायचा तर खुशाल पाठवा. पहिला कसा चुकला तेवढं सोबत लिहून द्या, तुमच्या सहीने.
रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली. सोमवारी पाठवीन. असली कामं घाईत करू नयेत.

सोमवार, १७ जून
मेहुणा सकाळच्या गाडीने गेला. त्याचं सामान मीच खाली आणलं. म्हणाला, दाजी, तुम्ही फार धावपळ केलीत. मी गाडीची वेळ विचारली.
त्याची बायको आता बाळंतपणापर्यंत आमच्याकडे. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून आहे. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, दादालाच पाठवायचं, हे ठरवलं तरी कोणी?
सॉफ्टवेअरने, मी म्हणालो.
ते कोण चालवतं, तिने विचारलं.
मी पाणी प्यायला उठलो.