ठमीचं मडकं आणि नांदुऱ्याच्या पाटलांची पँट

मी, भगवंतराव काशीनाथ बगाडे, वय त्र्याहत्तर, धंदा शिंपीकाम (बंद), राहणार वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत राहून आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. बायको रेणुका आतून "लिवा लवकर, चहा थंडा होऊन राह्यला" म्हणते आहे, पण ते दडपण लग्नापासूनचं आहे, कायद्यात धरत नाहीत.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्यामागे रेणुकाची. तिच्यानंतर मुलगा गजेंद्र याची.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री सून पूनम हिला. अट एकच, त्या कात्रीने कागद कापायचा नाही. गजेंद्रने चौथीत असताना याच कात्रीने पुठ्ठा कापला होता. ते मी विसरलेलो नाही.

३. दुकान का बंद झालं याबद्दल गावात नाना गोष्टी आहेत, म्हणून खरी नोंदवतो. शेजारी नागसेन वानखडे यांच्या कोटाला मी दोन्ही बाजूंनी काजं केली, बटणांना जागाच ठेवली नाही. लेकीच्या लग्नात ते कोट उघडा टाकून फिरले आणि विचारणाऱ्याला "नवी फॅशन हाय" म्हणाले. त्यानंतर मी टेप खुंटीला टांगली. म्हणजे गजेंद्रने टांगली. मी अजून दहा वर्षं सहज शिवीन म्हणत होतो.

४. पक्षी. गाव त्यांना लव्हबर्ड म्हणतं, ते बजरीगर आहेत. मादी ठमी, नर राजकुमार. ठमी चार वर्षांची होऊन गेली तरी मी पिंजऱ्यात अंड्यांसाठी मडकं टांगतच होतो. पिल्लं निघाली की पाहायला लोक यायचे आणि दुकान गेल्यावर माझ्याकडे येण्याचं दुसरं कारण उरलं नव्हतं. गेल्या खेपेला तिचं अंडं अडकलं. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिली. दाणेवाले अब्दुल गनी धावून आले, बल्बची ऊब दिली, तेव्हा वाचली. म्हणाले, "मास्तर, अब मटका उतारो. बहुत हुआ बिचारी का."

रेणुका म्हणाली, "तुमाले घरी बसवलं, आता तिलेबी बसवा. तिनं त कोनाचा कोटबी नाही बिघडवला."

मडकं उतरवलं. ठमी ऐकते कुठे! दाण्याच्या वाटीतच अंडी घातली. काढली तर आणखी घातली. गनीभाई म्हणाले, खरी उचला, खोटी ठेवा. ती बसेल आणि मन भरलं की आपण होऊन उठेल. म्हणून रेणुकाच्या तुटक्या माळेतले पांढरे मणी वाटीत ठेवले. ठमी त्यांच्यावर मोठ्या रुबाबात बसली. मला फार हसू आलं.

त्याच संध्याकाळी गजेंद्र नांदुऱ्याहून कामावरून आला आणि पिशवीतून पँट काढली. "बाबा, पाटलायची हाय. कंबर जराशी ढिली करा म्हणून राह्यले. दुसऱ्याच्या हातचं त्याईले चालत नाही."

दुकान बंद झाल्यापासून नांदुऱ्याचे हे पाटील गजेंद्रच्या हाती पँटी पाठवतात, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. कधी फुगतात, कधी वाळतात. मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायची. एकदा तर डॉक्टरला दाखवा असा निरोपही धाडला होता. त्या संध्याकाळी सुटे पैसे राहिले का म्हणून खिसा उलटा केला, तर अस्तराला लाल दोऱ्याची गाठ. ती गाठ मी आयुष्यभर फक्त गजेंद्रच्या कपड्यांना मारली आहे. समोर ठमी मण्यांवर बसलेली.

आधी राग आला. मग डोळे भरून आले. पोरगं मला किती जपून राह्यलं! मशीनवर बसलो. कंबर ढिली केली.

५. सबब, चार वर्षांपुढच्या मादीला मडकं देऊ नये. जोडी मात्र फोडू नये, राजकुमारला दुसरं काही येत नाही. कोणी पिल्लांसाठी जोडी मागायला आल्यास बाई रिटायर आहेत असं सांगावं. तरीही अंडी घातलीच तर मणी ठेवावेत आणि तिला ओढून उठवू नये. एरवी मणी धुऊन रेणुकाजवळ द्यावेत, ती रोज मागते.

६. नांदुऱ्याच्या पाटलांची त्यानंतर आलेली पँट मशीनच्या खणात घडी करून ठेवली आहे. या खेपेला कंबर त्यांनी सांगितली तशी केलेली नाही. गजेंद्र जेवायला बसला होता तेव्हा नजरेनं माप घेतलं. पँट पाटलांना पोचती करावी. पाटील न सापडल्यास गजेंद्रने घालावी. बरोबर बसेल. खिशात लाल गाठ नवी मारली आहे.

७. हे पाकीट माझ्यामागेच उघडावं. तोवर पाटलांबद्दल मी घरात काही बोलणार नाही. ठमी आज सकाळी मण्यांवरून आपण होऊन उठली. मी अजून बसलो आहे. दारात गजेंद्र आला आहे, हातात पिशवी आहे, म्हणून इथेच थांबतो.

ठिकाण : वडनेर भोलजी
दिनांक : १२ जानेवारी २०२५

(सही) भगवंतराव काशीनाथ बगाडे

आमच्यासमोर सही केली :
१. (सही) नागसेन वानखडे, तोच कोट घालून हजर
२. (सही) अब्दुल गनी, दाणेवाले