उजवा खांदा, सहा आठवडे

कबनूर,
ता. १४ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
बाबासोचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट हाय. फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि एकेक गोष्ट मला तीनदा ओरडून सांगायला लागते. सगळी गल्ली ऐकते, तू सोडून. म्हणून लिहितो.

ऑपरेशन सोमवारी, ता. ६ ला झालं. दुर्बिणीतून, चार भोकं पाडून. खांद्याचं हाड आणि दंड यांना धरणारा एक दोर असतो, पुस्तकात त्याला कंडरा म्हणतात, तो हाडापासून सुटला होता. तो ओढून आणून हाडात खिळे ठोकून टाक्यांनी बांधला. डॉक्टरांनी मला पडद्यावरचा फोटो दाखवला. मी विचारलं, खिळा किती मिलिमीटरचा? ते हसले, पण सांगितलं.

आता सहा आठवडे हात झोळीत. झोळीच्या आत काखेखाली एक उशी असते. आंघोळ आणि व्यायाम सोडला तर झोपेतसुद्धा काढायची नाही. झोपायचं पाठीवर, मागं तीन उशा लावून, अर्धं बसल्यासारखं. अंथरुणातून उठताना उजवा हात टेकायचा नाही. सदरा घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी दुखरा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, नुसता लावायचा नाही. ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा बोटं बधिर झाली तर लगेच जायचं. हे सगळं कागदावर दिलंय, मी ते वहीत परत नीट लिहून काढलं, कारण त्यांच्या कागदावर दोन ठिकाणी क्रमांक चुकले होते.

लिहिणं चालतं. कोपर अंगाला चिकटलेलं पाहिजे, मनगट टेबलावर. तेव्हा हे अक्षर माझंच हाय, आमच्या हिचं, दीक्षाच्या आईचं न्हाय.

व्यायाम म्हणजे मूठ उघडायची-मिटायची, मनगट फिरवायचं, कोपर सरळ करायचं, आणि वाकून हात सैल सोडून लंबकासारखा हलू द्यायचा. हलवायचा नाही, हलू द्यायचा. व्यायाम शिकवायला श्रुती मॅडम आहेत. वय सव्वीस. मी तिला म्हटलं, बाई, मी तीस वर्षं मागाचा जॉबर हाय, बिघडलेला माग दुरुस्त करणं हा माझा धंदा, मला हलवणं आणि हलू देणं यातला फरक सांगू नका. ती म्हणाली, काका, फरक कळतोय तर करून दाखवा की.

खरी काळजी वेगळी. जॉबरचं निम्मं काम डोक्याच्या वर असतं. हात वर गेला नाही तर मी कारखान्याच्या दारात रखवालदार म्हणून बसायच्या लायकीचा. आमचे मालक मीरासाबभाई भले माणूस, म्हणाले तीन महिने जागा धरून ठेवतो, एप्रिलात या. पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आणि मला तुझा खांदा आठवतो. त्या गडहिंग्लजच्या डॉक्टरनं ऑपरेशननंतर सहा आठवडे बांधून ठेवला आणि कायमचा आखडवून टाकला. उभा राहिलेला माग गंजतोच. माझ्या बाबतीत ते होऊ देणार नाही.

लोभ आहे तो राहू दे, फक्त चोळायला तेल पाठवू नकोस. चोळायचं नाही म्हणून सांगितलंय.

तुझा,
बाबासो


नेसरी,
ता. २० जानेवारी २०२५

चि. बाबासो यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र पावले.

तेल बाटलीत भरून ठेवलं होतं. आता ते अनुजा डोक्याला लावते. माझी सून म्हणून सांगत नाही, पण तिचे केस बघण्यासारखे झालेत.

तू डॉक्टरला खिळ्याचं माप विचारलंस हे वाचून मी एकटीच हसले. लहानपणी दाई धोंडुबाई आईला म्हणायची की तुझं हे पोर जन्मल्यावर रडायच्या आधी बाजेचे पाय मोजत होतं. अजून तसाच हायस.

दीक्षाच्या आईला सांग, आंघोळीला स्टूल ठेव आणि फरशी कोरडी ठेव. एका हातानं तोल जातो हे कुणी सांगत नाही. काख धुताना पुढं वाकायचं, हात आपोआप सुटतो, उचलावा लागत नाही. आणि ताट तिनं वाढून समोर आणून द्यायचं. फळीवरचं काही काढायला तू उठायचं नाही.

त्या पोरीचं ऐक. सव्वीस वर्षांची असली तरी शिकून आलीय. मी अंगणवाडीत तीस वर्षं काढली. बायका मला विचारायच्या, तुम्हाला काय ठावं, आणि मग बाळाला जुलाब लागले की माझ्याच दारात यायच्या.

माझ्या खांद्याचं सोड. ती जुनी गोष्ट झाली. तुझा नि माझा हात एक नाही.

टाके काढले का ते कळव. आठवण ठेवतोस, तेवढं पुरे आहे.

तुझी,
आक्का


कबनूर,
ता. २७ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
बाबासोचा सप्रेम जयभीम. वि. वि.

टाके काढले. जखमा कोरड्या. आज बरोबर तीन आठवडे झाले आणि दुखणं जवळपास गेलं. गोळी आता फक्त झोपताना.

एक गोष्ट केलीय ती तुला सांगतो, कारण तुला पटेल. सोप्यातल्या तुळईला एक कप्पी बसवली. दीक्षाच्या आईला स्टुलावर चढवून माझ्या सांगण्याप्रमाणं बसवून घेतली, मी हात लावला नाही. कप्पीवरून सुती दोर घेतला, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. उजवी मूठ उजव्या हातात, डाव्या हातानं दुसरं टोक खाली ओढायचं, की उजवा हात आपोआप वर. म्हणजे हात मी उचलत नाही, दोर उचलतो. कागदात लिहिलंय की स्वतः हात उचलायचा नाही. मी उचलत नाही.

भिंतीवर खडूनं खुणा केल्यात, रोज एक, तारखेसह. गुरुवारी बोटं छातीच्या रेषेत होती, काल हनुवटीच्या. ओळंबा सोडून कोनमापकानं मोजलं, शहाऐंशी अंश. रात्री थोडं ठणकतं, पण नवीन बेअरिंगसुद्धा पहिल्यांदा गरम होतं. ते रिकामं फिरवूनच घ्यायला लागतं, पेटीत ठेवून त्याचं काही होत नाही.

श्रुती मॅडमला सांगितलेलं नाही. ती म्हणेल सहा आठवडे थांबा. तुझ्या डॉक्टरनंही तेच म्हटलं होतं. त्याच्या नादानं तुझा हात सहा वर्षं खांद्याच्या वर गेला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका माणसाच्या अंगावर झालेला अनुभव शंभर कागदांपेक्षा खरा. दवाखान्यात माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या तिघांना मी तुझं उदाहरण सांगितलं. एकजण म्हणाला, कप्पीचं चित्र काढून द्या. दिलं.

येत्या सोमवारपासून दोर न धरता नुसता हात वर न्यायचा विचार आहे. थोडाथोडाच.

तुझा लोभ असाच राहावा. भाच्याला, संग्रामला आशीर्वाद, अनुजाला सुद्धा.

बाबासो


नेसरी,
ता. ३० जानेवारी २०२५

बाबासो,

मायना लिहीत बसत नाही. संग्राम आज इचलकरंजीकडं निघालाय, त्याच्या हाती हे देते. वाचलंस की आधी तो दोर सोड, मग पुढचं वाच.

माझा हात डॉक्टरनं घालवला नाही. मी घालवला.

ऑपरेशनला एकोणीस दिवस झाले होते. दुखायचं थांबलं होतं, अगदी तुझ्यासारखं. अनुजा सकाळी उठल्यापासून माझ्या मागं, आत्या झोळी काढू नका, आत्या हात लावू नका. कामाला रजा टाकून ती घरी बसली होती आणि मला तिच्याच हातचं खायचा कंटाळा आला होता. त्या दिवशी ती दळण आणायला गेली. मी झोळी काढली, फळीवरचं पितळी पातेलं काढायला हात वर केला. रिकामं पातेलं होतं, त्यात काही नव्हतं. खांद्यात धडुतं फाडल्यासारखं झालं. आवाज कानांनी ऐकला की अंगानं, ते सांगता येत नाही. पातेलं खाली आलं, मीही खाली बसले. ती यायच्या आत झोळी परत घातली.

तपासणीला डॉक्टरनं विचारलं, काही उचललं होतं का? मी म्हटलं, नाही. परत विचारलं. परत नाही म्हटलं. अनुजा शेजारी उभी होती, तिच्यासमोर कसं सांगू? आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांना नियम पाळा म्हणून सांगणारी मी. मग गावात कुणी विचारलं की म्हणायचं, फार दिवस बांधून ठेवला त्यानं, म्हणून आखडला. म्हणता म्हणता मलाही ते खरं वाटायला लागलं. तू सुद्धा तेच धरून बसलास आणि मागच्या पत्रात मी तुला नुसतं सोड म्हटलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

दुखणं थांबलं म्हणजे शीर चिकटली असं नसतं, बाबासो. ती आतल्या आत कच्चीच असते. दोरानं उचल नाहीतर हातानं, ताण तिच्यावरच येतो.

उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. कप्पीचं सगळं सांग. काय झालंय ते मला कळव, वाईट असलं तरी.

आक्का


कबनूर,
ता. ८ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

संग्राम पत्र देऊन चहा न घेता गेला. मी वाचलं. आठवडाभर तुझ्यावर राग होता, म्हणून लिहिलं नाही. आता नाही, पण होता हे लिहून ठेवतो.

कप्पी त्याच दिवशी काढायला लावली. दीक्षाची आई स्टुलावर चढली. खाली उतरल्यावर म्हणाली, आधीच सांगत होते, तुळईला भोक पाडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो. आधी श्रुती मॅडमला सांगितलं. खुणांच्या तारखा, कोन, दिवसातनं किती वेळा, सगळं. शहाऐंशी अंश म्हटल्यावर तिनं लिहिणं थांबवलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, काका, कप्पी वाईट नाही, मीच तुम्हाला देणार होते, सातव्या आठवड्यात. मग तिनं एक गोष्ट सांगितली ती मला आधी कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल आणि मी ऐकली नसेल. खांदा आखडला तर नंतर महिना-दोन महिने घालून सोडवता येतो. जोडलेलं तुटलं तर ते परत जोडता येईलच असं नाही. दोन्हीतल्या एकाला भ्यायचं असेल तर दुसऱ्याला भ्या.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर बराच वेळ यंत्र फिरवत होते. ती वीस मिनिटं मी छताचे चौकोन मोजले, चव्वेचाळीस निघाले. टाके शाबूत आहेत. भोवती सूज आहे, म्हणून झोळी आणखी दोन आठवडे वाढवली, ३ मार्चपर्यंत. डॉक्टर म्हणाले, एकदा जरी नुसत्या हातानं उचललं असतं तर मी तुम्हाला हे सांगू शकलो नसतो.

मी विचार करत होतो. ताण्याचा धागा तुटला की आपण गाठ मारतो आणि माग पहिले चार फेरे हातानं फिरवतो. एकदम पट्ट्यावर, पुऱ्या वेगात टाकत नाही. हे मी शेकडो वेळा केलंय आणि दुसऱ्यांना शिकवलंय. खांद्याच्या वेळी मला बेअरिंगच का आठवलं, ते कळत नाही.

ज्या तिघांना तुझं उदाहरण दिलं होतं त्यातले दोघे परवा बाकावर भेटले. त्यांना सांगितलं, ते चुकीचं होतं. चित्र नेणारा अजून भेटला नाही. त्याचं नाव मॅडमकडून घेतलंय, फोन करतोय, उचलत नाही. उचलेपर्यंत करणार.

अनुजाला तू सांगितलंस का?

लोभात फरक नाही, तू मनात काही आणू नकोस.

बाबासो


नेसरी,
ता. ५ मार्च २०२५

चि. बाबासो यास,
अनेक आशीर्वाद.

झोळी सुटली असेल. चित्र नेणाऱ्याचा फोन लागला का?

अनुजाला सांगितलं. भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, आत्या, पातेल्याला पोचा आला होता की, मला त्याच दिवशी कळलं होतं. सहा वर्षं ती गप्प बसली आणि मी तिच्यासमोर डॉक्टरला शिव्या घालत होते.

मग तिला घेऊनच गडहिंग्लजला गेले. डॉक्टर म्हातारे झालेत. मी म्हटलं, मी तुमचं नाव खराब केलं. त्यांना मी आठवतच नव्हते. कागद काढून वाचला, म्हणाले, त्या वेळी खरं सांगितलं असतं तर लगेच परत जोडून बघितलं असतं. आता जोडणं जमणार नाही, पण बाकीचे स्नायू तयार करून थोडा फरक पडेल. व्यायामाला आठवड्यातनं दोनदा जाते. वेणी अजून अनुजाच घालते.

तू घाई करू नकोस. हे सांगायचा हक्क मी घालवलाय, तरी सांगते.

आक्का


कबनूर,
ता. ९ एप्रिल २०२५

ती. आक्कास,
बाबासोचा सप्रेम जयभीम. वि. वि.

चित्र नेणाऱ्याला गाठलं. त्याच्या घरी कप्पी आणलेली होती, बसवायची राहिली होती, सुतार आला नव्हता म्हणून.

परवा तीन महिने झाले. श्रुती मॅडमनं मला आरशासमोर उभं केलं आणि कशाचाही आधार न घेता हात वर न्यायला सांगितलं. गेला. कानाच्या थोडा अलीकडं थांबला. किती अंश ते तिनं लिहून घेतलं, मी विचारलं नाही. खाली आणताना जास्त थरथरला, ती म्हणाली तेही ताकदीचंच काम आहे, होईल. अजून दोन किलोच्या वर वजन नाही. डोक्याच्या वरचं आणि ओढायचं काम जुलैच्या आधी नाही.

काल कारखान्यात गेलो. मीरासाबभाई खूश झाले, चहा मागवला. सहा नंबरच्या मागावर सुताचं नवीन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, चढवायचं काम अडलं होतं. म्हणाले, आलाच हायसा तर जरा हात लावा की, बाबासोभाऊ. सगळे बघत होते. मी तीस वर्षांत या कामाला नाही म्हटलेलं नाही. म्हटलं, हात लागणार नाही, जुलैपर्यंत नाही. तोवर दुसरा जॉबर बघायचा असला तर बघा, माझी तक्रार नाही. त्यांनी अडलेल्या बीमकडं बघितलं. म्हणाले, मग कसं बसवायचं ते यांना सांगणार तरी कोण? मी म्हटलं, सांगतो की, तोंडाचं ऑपरेशन झालेलं नाही.

दोघा कामगारांनी बीम उचललं. पहिल्यांदा तिरकं बसवलं, दुसऱ्यांदा धुरा खोबणीत जाईना. माझ्या डोळ्यांना ते बघवेना. मी उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं पाठीमागं गच्च धरून उभा राहिलो आणि डावीकडं बोटभर, अजून थोडं, असं सांगत राहिलो. तिसऱ्यांदा बसलं.

तुझ्यावर जीव आहे, हे एकदा लिहायचं राहिलं होतं.

तुझा,
बाबासो