सरकार येईपर्यंत शिंकायचं नाही

३ मार्च, सकाळ
सरकार पडलं, ते आपल्या पथ्यावरच पडलं. दोन्ही पक्ष म्हणतात, निवडून द्या, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा टॅक्स रद्द करतो. मग आत्ता पॉलिसी रिन्यू करणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. थांबायचं. नोकरी स्टोअरकीपरची असली तरी डोकं अर्थतज्ज्ञाचं आहे.

४ मार्च
मेहुणा येऊन गेला. विमा एजंट आहे. म्हणाला, भावोजी, जुन्या आजाराला तीन वर्षं विमा लागू होत नाही, ती तुम्ही काढलीत; आता एवढा हप्ता भरलात की तुमच्या हर्नियाचं ऑपरेशन विम्यातून होईल. हप्ता भरायला महिनाभराची सवलत आहे. ती चुकली, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.
कमिशनसाठी माणूस काय काय बोलतो!

१९ मार्च
बंदरांवर संप. औषधं अडकली, हॉस्पिटलं महागली. एक तारखेपासून हप्ताही वाढणार. मेहुण्याचा फोन: आजच भरा. मी म्हणालो, वर गेलेलं खाली येतंच, बटाट्यांचं बघतो ना आपण. बायको आतून म्हणाली, बटाटे उतरायची वाट बघत महिनाभर कोबी खाल्लाय.
तो वेगळा मुद्दा.

२७ मार्च
संकल्प: नवं सरकार येईपर्यंत हर्नियाला डिवचायचं नाही. शिंक, खोकला, हसणं बंद.
दुपारी साहेबांनी जोक सांगितला. अख्खं ऑफिस हसलं. मी नाही. साहेबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. प्रमोशनची यादी पुढच्या आठवड्यात आहे.

२ एप्रिल
बेल वाजली. मेहुणा. बाथरूममध्ये गेलो. तो अर्धा तास बसला, मी खबरदारी म्हणून एक तास.
बाहेर आलो तर बायकोने स्वतःपुरती वेगळी पॉलिसी करून घेतलेली. टॅक्ससकट! भोळी आहे बिचारी.

५ एप्रिल
सवलतीची मुदत संपली. निवडणुकीचा निकाल लागलाय, पण सरकार नाही. खुर्च्यांवरून भांडतायत. देशाचं काही पडलेलं नाही कुणाला.
प्रमोशन हुकलं.

२१ एप्रिल, सकाळ
आलं सरकार! टीव्हीवर अर्थमंत्री म्हणाले, हप्त्यावरचा टॅक्स आजपासून रद्द. म्हटलं नव्हतं? सोफ्यावर चढून उडी मारली.

२१ एप्रिल, दुपार. हॉस्पिटल
उडी नको होती.

२५ एप्रिल
ऑपरेशन झालं. बिलासाठी घराकरता ठेवलेली एफडी मोडली. बायकोने नुसती सही केली. फार लाज वाटली.
संध्याकाळी मेहुणा नवी पॉलिसी घेऊन आला. टॅक्स खरोखरच शून्य. हप्ता मात्र जुन्या हप्ता-अधिक-टॅक्सपेक्षाही जास्त. हर्निया तीन वर्षं वगळलेला.
बायकोने विचारलं, मग एकूण वाचले किती? मेहुण्याला हसू आवरेना. मग तिलाही. खरं तर मलाही आलं होतं.
डॉक्टरांनी बजावलंय, टाके आहेत, हसायचं नाही, शिंकायचं नाही. म्हणजे सरकार बदललं, माझं धोरण तेच.