पाणी बघायला

॥ श्री ॥

सातारा,
ता. ४ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप दादास,
शकूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. पोलादपूरच्या पोरांना शुद्धलेखन घालायचं आणि सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायच्या नाहीत, ही कुठली मास्तरकी? वहिनींनी तरी तुझ्या हातात टाक द्यावा.

आज मुद्दाम लिहिते आहे. मे महिन्यात तुझी शाळा बंद असेल तेव्हा आईला चार दिवस साताऱ्याला धाड. दोन दिवस शहर दाखवीन, राजवाडा, बाजार, जे तिला बघायचं ते. आणि एक दिवस कासच्या तळ्यावर जायचं. आमच्या सगळ्या साताऱ्याला पाणी येतं ते तिथूनच. पंधरा-सोळा मैलांवर डोंगरात तळं आहे आणि तिथून पाटाने पाणी आपलं आपण शहरात उतरतं. त्या पाटाच्या देखरेखीवरच ह्यांची नगरपालिकेतली नोकरी आहे. पाटाच्या कडेने चालायचं आणि पडलेला पालापाचोळा, दगड काढायचा. सामानाचा ट्रक वर जातो, त्यात आईला बसवून न्यायची परवानगी ह्यांनी साहेबांकडून काढली आहे.

तुला आठवतं का रे, वैशाखात कुडपणचा झरा आटला की आई करवंटीने हंडा भरत बसायची? एकदा चढण चढताना हंडा डोक्यावर तसाच ठेवून ती थांबली होती. म्हणाली होती की जल्मात एकदा असं पाणी बघायचंय, जे घरी वाहून न्यायचं नाय, नुसतं बसून बघायचं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. ते तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं आहे.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे म्हणजे झालं.

तुझी,
शकू

॥ श्री ॥

पोलादपूर,
ता. १४ एप्रिल १९५८

चि. सौ. शकूस,
दत्तारामचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावले. शिव्याही पावल्या. शनिवारी कुडपणला चढून गेलो आणि तुझं पत्र दोघांना वाचून दाखवलं. बापूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की कारण काय. मी म्हटलं, शकूने बोलावलंय. ते म्हणाले की ते कळलं, पण लगीन नाय, मर्तिक नाय, नवस नाय, मग बाईमाणसानं घर सोडायचं ते कशापायी?

त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार होतो, पण हिशेब केला तर खरंच की गं, लग्न होऊन कुडपणला आल्यापासून आई गावाबाहेर गेली ती लग्नांना, मयताला, आणि एकदा प्रतापगडाच्या भवानीला. बिनकारण कुठेही नाही.

आई त्या दिवशी चुलीपाशी भाकऱ्या थापत राहिली. दुसऱ्या दिवशी मी निघताना भाकरीचं फडकं हातात देत तिने हळूच विचारलं की त्या तळ्यात उतरायला पायऱ्या लय हायत काय. तेव्हा समज, की मन तिथे जाऊन बसलंय.

अडचण एकच, आणि ती तुलाही ठाऊक आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आपल्याकडची रीत. तुझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. तुझ्याकडे चार दिवस राहायचं तर आईने पाणी प्यायचं कुठलं? मी थट्टेने म्हटलं, कुडपणहून हंडा भरून डोक्यावर घेऊन जा. ती हसली नाही.

बापूंनी शेवटी होकार दिला आहे, पण गावात कुणाला काही सांगायचं नाही या अटीवर. कारणच नाही तर सांगणार काय, असं त्यांचं मत. तुझ्या वहिनीने तुझ्या यजमानांना, महिपतरावांना, नमस्कार सांगितला आहे.

आशीर्वाद तर आहेतच, थोडं धीरानेही घे.

दत्ताराम

॥ श्री ॥

सातारा,
ता. २२ एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

पाण्याचं मी कधीच ठरवून टाकलं आहे. शेजारच्या सगुणाबाईंना विचारलं. मोठ्या मायाळू आहेत, त्यांच्या घरात चार नातवंडं खेळतात. आई जेवेल आणि पाणी पिईल त्यांच्याकडे, आणि निजेल माझ्याकडे.

आता गंमत ऐक. आमची आणि त्यांची भिंत एक आणि अंगणातला नळही एक. सकाळी त्या त्यांचा हंडा भरतात, मग त्याच नळाखाली मी माझा लावते. तेच पाणी त्यांच्या हंड्यात गेलं की आईला चालणार आणि माझ्या हंड्यात आलं की नाही. मी हे ह्यांना हसत हसत सांगितलं. हे हसले नाहीत. दिवसभर पाटाच्या कडेने चालून ज्या माणसाने ते पाणी आणलं, त्याच्याच घरचं ते चालत नाही, असं काहीतरी पुटपुटले आणि चपला घालून बाहेर गेले.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते. वाटलं. पण रीत आईने केलेली नाही, तेव्हा तिच्यावर राग नाही. तिने यावं, बाकी काही नको.

शकू

॥ श्री ॥

पोलादपूर,
ता. ५ मे १९५८

चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

बापूंनी गप्प राहायचं ठरवलं आणि तेच अंगाशी आलं. बातमी कशी कोण जाणे, फुटलीच. झऱ्यावर बायकांनी आईला विचारलं की ठमाबाई, साताऱ्याला निघालीस म्हणतात, काय विशेष. आई काही बोलली नाही. आता तूच सांग, लेकीच्या गावाला निघालेली आई कारण विचारल्यावर गप्प राहते, याचा अर्थ बायका काय लावणार? संध्याकाळपर्यंत साऱ्या कुडपणात झालं की शकूला दिवस गेले.

दुसऱ्या दिवसापासून घरी रीघ लागली. रंगूआत्याने डिंकाचे लाडू आणून दिले. आणखी कुणी मेथी आणली, कुणी साजूक तूप. राहीकाकूने तर आपलं जुनं लुगडं फाडून बाळासाठी कुंची शिवून आणली, हिरव्या गोंड्याची. पी हळद आणि हो गोरी, दुसरं काय! पण शकू, त्यांच्या मनात पाप नव्हतं गं. राहीकाकूचे डोळे भरून आले होते.

मी आईला म्हटलं, तू तिथल्या तिथे का नाही सांगितलंस? ती म्हणाली की चार बायांत उभं राहून माझ्या लेकीला अजून काय नाय, हे माझ्या तोंडानं कसं बोलू? तोंडच उघडलं नाय.

आता ते सगळं घोंगडीत बांधून कोपऱ्यात ठेवलंय आणि आई म्हणते, मी येत नाय. हे घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ, आणि परत येऊन बायांना काय सांगू? बापू अंगणात नुसते बसून असतात. चूक त्यांची, माझीही. मला क्षमा कर.

दत्ताराम

॥ श्री ॥

सातारा,
ता. १० मे १९५८

दादा,

नमस्कार लिहायचा राहिला, तो समजून घे.

तुझं पत्र मी नळापाशी उभी राहून वाचलं आणि हंडा भरून वाहत राहिला, माझं लक्षच नव्हतं. सगुणाबाईंनी येऊन नळ बंद केला.

मला दिवस गेलेले नाहीत. हे मी माझ्या हाताने लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला कुणाला तोंडाने सांगायची पंचाईत नको. हा कागदच वाचून दाखव. पाच वर्षं झाली, पुढे होईल की नाही देव जाणे. मला रडायचं ते मी रडून घेतलं आहे, एकदा नाही, पुष्कळदा. पण मी बायकांत तोंड लपवून फिरत नाही. मग माझ्या आईने का फिरावं? माझ्यात सांगण्यासारखं दुसरं काही नाहीच का? मी चार घरच्या पोरींना शिवण शिकवते, माझा संसार नीट आहे, माझा नवरा मला एका शब्दाने बोलत नाही. हे कुणी झऱ्यावर विचारत नाही.

मी तिला माझ्या पोटासाठी बोलावलं नव्हतं. पाणी बघायला बोलावलं होतं. एवढं कारण तिला पुरत नसेल तर नको येऊ दे. पण पुरत असेल, तर तसं सांगून येऊ दे. चोरून आलेली मला नको.

राहीकाकूवर माझा राग नाही. ती कुंची मात्र माझ्या घरात आणू नका, मला बघवणार नाही.

शकू

॥ श्री ॥

पोलादपूर,
ता. १७ मे १९५८

चि. सौ. शकूस पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र घेऊन त्याच दिवशी वर चढलो. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग ती उठून म्हशीला वैरण घालायला गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

सकाळी हंडा आणि डोक्यावरची चुंबळ घेऊन निघाली, तर तिच्या काखेत ती घोंगडी. मीही मागोमाग गेलो, थोडा वर थांबलो. झऱ्यावर सात-आठ बायका आपापली पाळी धरून बसल्या होत्या. आईने हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, की बायांनो, माझ्या शकूला काय नाय. मी गप बसले ही माझी चूक. मी साताऱ्याला जातेय ते पाणी बघायला. दुसरं कारण नाय, उगाच.

करवंटीचा आवाजसुद्धा थांबला. आईने गाठोडं सोडलं आणि एकेकीचं एकेकीला परत द्यायला लागली. राहीकाकूने कुंची घेतली, घडी करून कमरेला खोचली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. रंगूआत्या मात्र लाडू परत घेईना. म्हणाली, लाडू काय पोटुशीनंच खायचे असतात काय गो? माझ्या शकूला शिवण शिवून दमायला होत नाय? ने ते.

तेव्हा लाडू येत आहेत. पावसाआधी घर शाकारायचं आहे, बापूंना एकट्याने होणार नाही, म्हणून मी थांबतो. मंगळवारी, ता. २० ला आईला इथून महाबळेश्वरच्या एस.टी.त बसवून देईन, तिथे महिपतराव येऊन तिला उतरवून घेतील, असं त्यांना सांग. पाण्याचं तेवढं सगुणाबाईंकडे ठरल्याप्रमाणे. तो मुद्दा मी काढला नाही, तिनेही काढला नाही. एका दमात किती चढण चढायची तिने?

तुझ्या रागावर माझा लोभ वाढला आहे, एवढं ध्यानात असू दे.

दत्ताराम

॥ श्री ॥

सातारा,
ता. २७ मे १९५८

तीर्थस्वरूप दादास,
शकूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आई सुखरूप पोचली. घाटातल्या वळणांना दोनदा उलटी झाली, तेवढंच. पहिले दोन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. राजवाडा बघून म्हणाली की एवढं मोठं घर, सारवत कोण असंल. जेवण आणि पाणी सगुणाबाईंकडे. तहान लागली की उठून भिंतीपलीकडे जायची आणि मी माझ्या घरात भांडी उगाच घासत बसायची.

शुक्रवारी कासला गेलो. ट्रकमधून उतरल्यावर समोर एकदम पाणी. आई थबकली. उन्हाळा म्हणून तळ्याचं पाणी खाली गेलं आहे, असं हे तिला सांगत होते, पण तिला ते पटेना. तिने गाठोड्यातून काय काढलं असेल? चुंबळ. सवयीने बांधून आणली होती. ती काठावर ठेवली आणि तिच्यावरच बसली.

किती वेळ बसली सांगू? आम्ही भाकरी खाल्ली, हे पाटाचं तोंड बघून आले, तरी ती तशीच. मध्ये एकदा विचारलं की हितनं पाणी न्यायला बाया कुठल्या गावच्या येतात. ह्यांनी सांगितलं की कुणी येत नाही, ते आपलं आपण उताराने साताऱ्यापर्यंत चालत जातं. तिने तेच तीनदा विचारलं. मग ह्यांनी तिला पाटापाशी नेलं. ती वाकून वाहतं पाणी बघत राहिली आणि ह्यांना म्हणाली की जावईबापू, तुमी रोज याच्या संगं चालता व्हय? हे लाजले. मग ती तळ्यात उतरली आणि ओंजळीने पाणी प्यायली. थोडं डोळ्यांना लावलं.

संध्याकाळी घरी आलो. धुळीने सगळ्यांचे घसे कोरडे. सगुणाबाईंनी भिंतीवरून हाक मारली की ठमाबाई, तांब्या भरून ठेवलाय. आई माझ्या उंबऱ्यात बसली होती. ती उठली नाही. मला म्हणाली, शकू, पाणी दे गो.

मला वाटलं तिच्याकडून चुकून झालं. मी आठवण करून दिली की आई, अगं हे माझ्याकडचं. तर ती म्हणाली की ठाव हाय. जावयानं एवढ्या लांबनं चालत आणलंय आन् मी शेजारणीचं पिऊ? दे.

दादा, तांब्या भरताना माझ्याकडून निम्मं पाणी सांडलं. तिने तो तांब्या एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि दुसरा मागितला. ह्यांनी दुसरा भरून दिला. पाच वर्षं मी रोज पाणी भरते आहे, पण त्या दिवशी घर माझं झालं.

रंगूआत्याचे लाडू आम्ही तिघांनी आणि सगुणाबाईंच्या नातवंडांनी मिळून संपवले. तिला सांग, दमणूक गेली.

आई आणखी आठ दिवस राहणार आहे. बापू कारण विचारतील. तेव्हा आईने असं सांगायला सांगितलं आहे, की काय नाय, उगाच.

तुमची सगळ्यांची,
शकू